कवच सगळ्यांत शेवटी: गोव्यात छपराची पायगाडी कशी उभी करायची

वेलोमोबाइल म्हणजे अंगावर कवच घेतलेली तीन चाकांची सायकल. पुढे दोन चाके, मागे एक, मध्ये आरामखुर्चीसारखी सीट. पाठ टेकून बसायचे, पाय पुढे ताणून पायडल मारायचे, आणि वर ऊन-पाऊस अडवणारे हलके आवरण. सायकलला जुन्या मराठीत पायगाडी म्हणत. या वाहनाला तो शब्द सायकलपेक्षाही चपखल बसतो, म्हणून इथे तोच वापरला आहे.

रोजचे जाणे-येणे पाच ते पंधरा किलोमीटरचे आहे, रस्ता बराचसा सपाट आहे आणि पावसाळ्यात सायकल घरी ठेवून चारचाकी काढावी लागते, अशा माणसाला गोव्यात पायगाडी खरोखर उपयोगी पडते. चोर्ला किंवा अनमोड घाट ज्याच्या रोजच्या वाटेत आहे, त्याने या फंदात पडू नये.

नवखा माणूस चित्रात ते गुळगुळीत कवच बघतो आणि तिथूनच सुरुवात करतो. गाडी फसते ती इथेच. कवचाखाली गिअर चुकलेले, ब्रेक ओढ खाणारा, सीट पाठीला घाम आणणारी, आणि दुरुस्तीला हात घालायचा तर आधी सगळे कवच उतरवायचे. क्रम उलटा ठेवा. आधी रस्ता मोजा, मग उघडी तिचाकी उभी करा, महिनाभर तशीच चालवा, मग छप्पर, त्यानंतर पुढचे नाक, म्हणजे पायांवरचे आवरण. पाठ टेकून बसण्याचा फायदा कवचाशिवायही मोठा असतो. शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा बैठकीच्या दुचाकीवर फ्रान्सिस फोर यांनी १९३३ साली पॅरिसमध्ये तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९ वर्षे टिकलेला विक्रम मोडला. त्या सायकलीला कवच नव्हते. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने ही बैठक शर्यतींतून बाद केली. बैठक बदलली की वाऱ्याला आडवी जाणारी छाती खाली जाते, एवढीच त्यातली किमया.

आधी रस्ता मोजा

चढ किती तीव्र आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाणसळ घ्या. पट्टीचे एक टोक चढाच्या वरच्या अंगाला रस्त्यावर टेकवा, खालचे टोक उचलून पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. पाच सेंटिमीटर फट म्हणजे पाच टक्के चढ. वाटेतल्या सर्वांत कठीण दोन-तीन जागी पहाटे, रहदारी नसताना, हे करून घ्या.

आता हिशेब. माणूस ७० किलो, गाडी ३५, सामान ५, एकूण ११० किलो. पाच टक्के चढावर तासाला ६ किलोमीटरने चढायला साधारण १०५ वॅट लागतात, ८ किलोमीटरने चढायला १४०. सवय नसलेल्या माणसाला १०० वॅट काही काळ झेपतात, १४० वर थोड्याच वेळात दम लागतो. म्हणजे चढावर तुम्ही भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाणार. सपाटीवर जे कमावता त्यातले काही तिथे परत द्यावे लागते.

पणजीहून रायबंदरमार्गे जुने गोवे हा मांडवीच्या काठाने जाणारा रस्ता जवळपास सपाट आहे. सासष्टीत कोलवा, बेताळभाटी, माजोर्डा, उतोर्डा ही किनाऱ्यालगतची पट्टीही तशीच. सरावाला सर्वांत चांगले म्हणजे चोडण आणि दिवाडी. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्तीच्या शेतांमधून जाणारे रस्ते, चढ फारसा नाही, वाहने कमी. उलट पणजीहून म्हापशाकडे निघालात की पूल ओलांडताच पर्वरीचा चढ लागतो, आणि फोंड्याकडे बाणस्तारी, म्हार्दोळपर्यंत बरे चालते, मग फर्मागुडी पाय धरते.

फेरीबोट वाटेत असेल तर आणखी एक मोजमाप. जेटी आणि बोटीचा रॅम्प यांच्यातला कोन भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. गाडीच्या पोटाखाली किमान १२ सेंटिमीटर जागा नसेल, तर रॅम्पच्या तोंडाशी सांगाडा घासतो. शेवाळलेल्या ओल्या रॅम्पवर पायडल मारत चढू नका. मागच्या एकाच चाकाला जोर मिळतो आणि त्या चाकावर एकूण वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो, त्यामुळे ते जागच्या जागी फिरते. उतरून ढकला.

घराचे फाटकही आत्ताच मोजा. गाडी ८० ते ८५ सेंटिमीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास लांब होते. बल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या, पायऱ्या चढवून ती वर ठेवता येणार नाही.

उघडी तिचाकी

तयार वेलोमोबाइल युरोपातून मागवली तर किंमत हजारो युरोंत जाते, वर वाहतूक आणि सीमाशुल्क. म्हणून इथे दोनच वाटा व्यवहार्य आहेत. उघडी रिकम्बंट ट्राइक, म्हणजे पाठ टेकून चालवायची तिचाकी, विकत घेऊन तिच्यावर छप्पर चढवणे, किंवा सांगाडा वेल्डरकडून बनवून घेणे.

बनवून घेणार असाल तर ४० बाय ४० मिलिमीटरची, १.६ मिलिमीटर जाडीची लोखंडी चौकोनी नळी पुरते. मीटरला १.९ किलो वजन भरते, सांगाड्याला तीन-साडेतीन मीटर लागते. खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या वेल्डरची नेहमीची जाड काडी या नळीला भोक पाडते. सीओटू वेल्डिंग असलेला माणूस शोधा, नाहीतर बारीक काडी वापरायला सांगा. ‘मजबुतीसाठी’ ३ मिलिमीटरची नळी घालतो म्हणाला, तर नको म्हणा. ते जास्तीचे पाच किलो तुम्हालाच रोज पर्वरीवर चढवायचे आहेत.

पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, ही सर्वांत मोठी चूक होणारी जागा. सायकलचे साधे हब ९-१० मिलिमीटरच्या एक्सलचे असते आणि ते दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेले असते. तिचाकीत चाक एकाच बाजूने टांगलेले असते. साधा एक्सल तिथे वाकतो, किंवा नटाच्या आट्याशी तुटतो, आणि तोही वळणावर, जेव्हा भार सर्वांत जास्त असतो. डिस्क ब्रेकची सोय असलेले २० मिलिमीटर थ्रू-एक्सलचे, म्हणजे आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचे, हब घ्या. तिचाकी वळताना झुकत नाही, म्हणून चाकांवर आडवा भार येतो. त्यासाठी पुढची चाके लहान, २० इंची आणि ३६ तारांची ठेवा.

टायर घेताना इंचावर विश्वास ठेवू नका. ‘२० इंची’ आणि ‘२६ इंची’ नावाखाली वेगवेगळ्या मापांच्या रिम विकल्या जातात. टायरच्या कडेवर ४७-४०६ असा जोड आकडा छापलेला असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. पुढे ४०६, मागे ५५९ असेल, तर टायर-ट्यूब सायकलच्या दुकानात सहज मिळतात. रुंदी ४७ ते ५० मिलिमीटर, हवा ४० पीएसआयच्या आसपास. अरुंद आणि कडक टायर सपाट डांबरावर थोडे हलके जातात, पण पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर रिमच हाणून घेतात.

सुकाणूची भूमिती एका वाक्यात सांगायची, तर चाक ज्या खिळीभोवती वळते तिची रेघ खाली वाढवली, की टायर जमिनीला टेकतो नेमक्या त्याच बिंदूवर यायला हवी. हे जमले आहे का ते असे तपासा: रिकाम्या जागेत हळू चालवत फक्त डावा ब्रेक दाबा, मग फक्त उजवा. हँडल हाताला हिसका देत असेल तर भूमिती चुकली आहे. मग दोन्ही पुढच्या चाकांमधले अंतर एक्सलच्या उंचीवर समोरून आणि मागून मोजा. समोरचे अंतर मागच्याइतकेच किंवा फार तर दोन मिलिमीटर कमी हवे. मोजताना सीटवर माणूस बसलेला असू द्या, कारण वजनाने सांगाडा किंचित दबतो. इथे पाच-सात मिलिमीटरचा फरक राहिला तर नवा टायर काही शे किलोमीटरमध्ये करवतीसारखा झिजतो आणि गाडी जड का जाते ते कळतही नाही.

सीट किती उंच ठेवायची? युरोपातल्या वेगवान गाड्यांत माणूस जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर बसतो. इथे बसच्या चालकाला तो दिसणारच नाही. सीट ४० सेंटिमीटरवर ठेवा. मात्र त्याची किंमत आहे. चाकांमधले अंतर ७५ सेंटिमीटर आणि माणसासकट गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर धरला, तर ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर तासाला १८ किलोमीटरच्या सुमारास आतले चाक उचलते. गावातली पाणंद किंवा चौकातले काटकोनी वळण साधारण याच मापाचे असते. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नाही.

सीटला फोम नको. खाटेला वापरतात ती नायलॉनची नवार सांगाड्यावर उभी-आडवी ताणून विणा. पाठीमागून वारा खेळतो, घाम सुकतो, पाऊस साचत नाही. नवार सैल पडते, म्हणून एका बाजूला बक्कल किंवा दोरीने ताण देण्याची सोय ठेवा.

चेन, गिअर, ब्रेक

पायडल पुढच्या टोकाला आणि चालणारे चाक मागे, त्यामुळे चेन लांब लागते. सायकलच्या अडीच ते तीन चेन एकमेकींना जोडाव्या लागतात. सीटखालून जाताना ती दातेरी पुलीवरून वळवतात. या पुलीचा बोल्ट किरकोळ घेऊ नका. पायाने ४० किलोचा रेटा दिला, क्रँक (पायडलचा दांडा) १७० मिलिमीटर आणि चेनव्हील (पुढचे दातेरी चाक) ३२ दात्यांचे असेल, तर चेनला शंभर किलोहून जास्त ओढ बसते. बोल्ट किमान १० मिलिमीटरचा आणि दोन्ही बाजूंनी धरलेला हवा. परतीची चेन १२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या प्लॅस्टिक नळीतून न्या. नळीची तोंडे गरम करून कर्ण्यासारखी फाकवा, नाहीतर चेनची प्रत्येक कडी तिथे टकटकते.

गिअर सायकलपेक्षा बरेच हलके हवेत. पुढे २२ दाते आणि मागे ३६ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात गाडी सव्वा मीटर जाते आणि मिनिटाला ६० फेऱ्यांनी तासाला साडेचार किलोमीटर होतात. हास्यास्पद हळू वाटते, पण गुडघे वाचतात ते यानेच. साध्या सायकलवर तुम्ही फार तर स्वतःच्या वजनाने पायडल दाबता. इथे पाठीला सीटचा आधार असल्यामुळे त्याहूनही जास्त जोर देता येतो, आणि जड गिअरमध्ये तो सगळा गुडघ्याच्या वाटीवर येतो. सपाटीवर मिनिटाला ७५ ते ९० फेरे ठेवा. पाय भराभर फिरले पाहिजेत, रेटा जाणवता कामा नये.

ब्रेक दोन्ही पुढच्या चाकांना, स्वतंत्र केबलचे. एक तुटली तरी दुसरा उरतो. गाडी स्टँडशिवाय उभी राहते, पण उतारावर घरंगळते, म्हणून लिव्हर दाबून धरणारा वेल्क्रोचा पट्टा हँडलला बांधून ठेवा.

पाय पायडलवरून घसरणे हा सायकलवर किरकोळ प्रकार आहे. इथे घसरलेली टाच रस्त्याला टेकते, गाडी पुढे जाते आणि पाय सांगाड्याखाली ओढला जातो. घोटा मोडतो. पहिल्या दिवसापासून पायडलला टाचेमागून येणारा पट्टा लावा. याला अपवाद नाही.

उघडी गाडी असताना

पायडलची लांबी बसवताना टाच पायडलवर ठेवा, पाय नेमका सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. पहिले पंधरा दिवस पाच-सहा किलोमीटरच. सायकलपटूचेही पाय भरून येतात, कारण मांडीचे वेगळे स्नायू कामाला लागतात. महिना-दीड महिन्यात ते बसते. बोटांना मुंग्या येत असतील तर पाय पायडलवर थोडा पुढे सरकवा, म्हणजे दाब चवड्याकडून तळव्याच्या मध्याकडे येतो.

या महिन्यात खड्ड्यांचा अंदाज नव्याने शिकायचा असतो. सायकलची एकच वाट असते, पायगाडीच्या तीन. डावे चाक खड्ड्याच्या डावीकडून, उजवे उजवीकडून काढले की मधले मागचे चाक बरोब्बर त्यात जाते. खड्डा नेहमी डाव्या आणि मधल्या चाकाच्या, किंवा मधल्या आणि उजव्या चाकाच्या दरम्यान घ्यायचा. हात त्याला सरावले की मगच पावसात, पाण्याखालचे खड्डे दिसत नसताना, निघण्याचा विचार करा.

छप्पर आणि नाक

पूर्ण बंद कवच थंड देशांसाठी आहे. पायडलला १०० वॅट पोचवणारे शरीर त्याच वेळी तीनशेहून जास्त वॅट उष्णता बाहेर टाकते. ६० वॅटचे पाच जुने बल्ब पेटवून त्यांच्यासोबत पेटीत बसण्यासारखे ते आहे. युरोपातल्या कोरड्या, थंड हवेत ते चालून जाते. एप्रिल-मेच्या आपल्या दमट हवेत घाम सुकतच नाही, आणि सिग्नलला थांबलात की आत येणारा वाराही थांबतो. म्हणून गोव्याची रचना वेगळी: वर टप (छप्पर), पुढे नाक, दोन्ही कुशी उघड्या. पुढची चाकेही कवचाबाहेर, मडगार्डखाली ठेवा. चाके आत घेतली की त्यांना वळायला जागा उरत नाही आणि गाडीला वळायला दहा-अकरा मीटर रुंद रस्ता लागतो. गावातल्या गल्लीत ते परवडत नाही.

टपासाठी पाट्या रंगवणाऱ्यांकडे मिळणारी ४ मिलिमीटरची पोकळ नळ्यांची प्लॅस्टिक शीट, म्हणजे सनपॅक, सुरुवातीला उत्तम. चौरस मीटरला किलोच्या आत वजन, कटरने कापते, रिव्हेटने बसते. पांढरीच घ्या. उन्हाने ती हळूहळू ठिसूळ होते, पण तोवर तुमचे माप नक्की ठरलेले असते. मग हवे तर पक्के कवच करा. १ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला २.७ किलो भरतो. फायबरचे दोन थर रेझिनसकट दोन किलोच्या आसपास. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर किनाऱ्यावरच्या गावांत आहेत, त्यांचा हात या कामात बसलेला असतो. फक्त त्यांना आधी सांगा, की ही लाटांचा मार खाणारी होडी नाही, थर दोनच हवेत.

टप डोक्यापासून दहा सेंटिमीटर वर, पुढे गुडघ्यांच्याही थोडा पुढे येईल इतका आणि मागे उतरता. नाक पायडल आणि नडग्या झाकेल एवढेच. नाकाच्या टोकाला २० बाय ५ सेंटिमीटरची फट ठेवली की पायांवरून वारा जातो. काच लावायची तर पॉलिकार्बोनेटची, आणि तिची वरची कड डोळ्यांच्या खाली. काचेतून नव्हे, काचेवरून बघायचे. भर पावसात आतून वाफ आणि बाहेरून थेंब जमले की कोणतीही काच आंधळी होते, आणि सारखे पुसून तिच्यावर ओरखडे पडतात ते वेगळेच.

पाऊस, खारे वारे

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. टप डोके आणि छाती कोरडी ठेवतो. बाकीचे पाणी खालून येते, चाकांनी उडवलेले. मडगार्ड टायरच्या पुढच्या अंगाला नीट खालपर्यंत आणा आणि तळाशी रबरी पट्टा लावा. नाकाच्या सर्वांत खालच्या जागी दहा मिलिमीटरची दोन भोके पाडा, नाहीतर तिथे तांबड्या मातीचे पाणी साचते. सांगाड्याच्या नळीलाही खाली भोक हवे. नळी आतून गंजते आणि बाहेरचा रंग शाबूत असतो.

बोल्ट स्टेनलेसचे घ्या. साधे चमकदार बोल्ट एका पावसाळ्यात तांबडे होतात. पण स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये कोरडा बसवलात, तर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पांढरी भुकटी धरून खाल्ले जाते आणि बोल्ट कायमचा अडकतो. आट्यांना ग्रीस लावूनच पिळा. पावसाळ्यात दर आठवड्याला चेन पुसून तेल घाला. तीन चेनची लांबी आहे, त्यामुळे काम वाढते, पण झीज प्रत्येक कडीला वाटली जाऊन चेन टिकतेही जास्त.

पुलावरच्या आडव्या वाऱ्यात तिचाकी पडत नाही, बाजूला सरकते. मांडवी किंवा झुआरीवर पावसाळी पश्चिम वारा सुटला असेल तर कडेपासून हातभर जास्त अंतर ठेवा आणि हँडल घट्ट आवळू नका.

दिसणे

मागे दोन लाल दिवे गाडीच्या पूर्ण रुंदीवर आणि तिसरा टपाच्या उंचीवर. दोन मीटर उंच काठीला नारिंगी झेंडा. दोन्ही बाजूंना आरसे, कारण पाठ टेकलेली असताना मान मागे वळत नाही. पुढचा दिवा ६०-७० सेंटिमीटरवर. पावसाळ्याच्या रात्री गुरे उबदार डांबरावर बसलेली असतात आणि काळी म्हैस फार उशिरा दिसते. भोंगा लावताना पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, रबरी भोंगा टाळा. गावात त्या आवाजाला लोक बाजूला होत नाहीत, पावासाठी दारात येतात.

मोटर लावायची तर

निव्वळ पायांवर चालणारी गाडी मोटार वाहन ठरत नाही. विजेची मदत जोडली की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ बघावे लागतात. मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, पायडल थांबताच किंवा २५ किलोमीटरचा वेग होताच मदत बंद, पुढे पांढरा व मागे लाल रिफ्लेक्टर, आणि या सगळ्याला ठरलेल्या चाचणी संस्थेची मान्यता, अशा अटींवर ती नोंदणीतून सुटते. बाजारातला १००० वॅटचा किट या चौकटीत बसत नाही, आणि विक्रेता काहीही सांगो, अपघात झाला तर जबाबदारी तुमची. मोटर घालायचीच तर आधी दोन-तीन महिने पायांवर चालवून बघा. बऱ्याच जणांना गिअर हलके केल्यावर तिची गरज उरत नाही.

पंक्चर

पुढचे चाक एका बाजूने टांगलेले असल्यामुळे ते न काढताच टायर सोडवून ट्यूब बदलता येते. गाडी कुशीवर कलवा, झाले. मागचे चाक मात्र काढावे लागते आणि ते टप, चेन आणि डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) मागे दडलेले असते. हे काम घरी, कोरड्या जमिनीवर, दोनदा करून बघा आणि कोणता पान्हा लागला ते लिहून ठेवा. गाडीत ४०६ आणि ५५९ मापाच्या एकेक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप, ॲलन की, चेनची एक जोडकडी आणि तो पान्हा ठेवा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे २० इंची ट्यूब असेलच असे नाही.